वल्ह्यावर मुलाणी सर

पौडच्या आमच्या शाळेत मुलाणी सर चित्रकला शिकवत. त्यांचा आवाज कधी चढल्याचं मला आठवत नाही, तरी त्यांच्या तासाला पोरांना घाम फुटायचा. पोरानं चित्र पुढं केलं की सर कागद हातभर लांब धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "झ्याक. थोडं अजून." पोरगं जागेवर जाऊन झाडाला आणखी पानं काढून आणायचं. पुन्हा तेच. "झ्याक. थोडं अजून." तास संपेपर्यंत झाडाचं रान झालेलं असायचं आणि आपल्या हातून हे निघालं यावर पोराचाच विश्वास बसायचा नाही.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. माझी प्रयोगशाळा आणि त्यांचा चित्रकलेचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत. मधल्या सुट्टीत बाकीचे शिक्षक स्टाफरूममध्ये बसत. आम्ही दोघं मात्र त्यांच्या वर्गात, रंगांच्या वासात डबा खायचो. सर उंच, जरासे पोक काढून चालणारे, सदऱ्याच्या खिशात दोन पेन्सिली. नखांमधला रंग त्यांच्या ईदलाही निघत नसे. घरी बायकोशी वेगळं बोलत, वर्गात पुस्तकी बोलत आणि आमच्याशी बोलताना सरळ मुळशीचं बोलत. "बाई, शुद्ध बोललं की माजा जबडा दुखतो," असं म्हणायचे.

दर रविवारी ते मासे धरायला मुळशी धरणावर जायचे. आणि गंमत म्हणजे मासा खायचे नाहीत. लहानपणी घशात काटा अडकला होता म्हणे, तेव्हापासून त्यांनी गोड्या पाण्यातल्या माशाला तोंड लावलं नाही. धरलेला मासा कुणाला तरी देऊन टाकायचे. "मग धरता कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दोर ताठला की हितं," आणि छातीवर बोट ठेवलं, "हितं काय हुतं ते सांगता येत न्हाई. तेवढ्यासाटी."

त्यांचा एक पुतण्या परदेशात एका मोठ्या तलावाकाठच्या गावात नोकरीला होता. तो तिथल्या मासेमारीचे व्हिडिओ पाठवायचा. तिकडं म्हणे काठावर गळ टाकून बसत नाहीत. होडी सावकाश चालत ठेवायची, मागं लांब दोर सोडायचा, दोराच्या टोकाला पितळेचा चमचा. तो पाण्यातून ओढला जाताना लकाकत फिरतो. मोठ्या माशाला वाटतं, जखमी मासोळी पळतेय. त्या तलावातला सालमन मासा असाच धरतात. सरांनी ते व्हिडिओ मलाही दाखवले होते. पुतण्यानं सुट्टीवर येताना एक काठी, रीळ आणि मूठभर चमचे आणून दिले, आणि सरांनी मुळशीच्या पाण्यात खडस धरायचा चंग बांधला. शहरातले लोक ज्याला महाशीर म्हणतात तोच हा खडस. मोठा, सोनेरी खवल्यांचा, आणि गळाला लागला तर होडी ओढेल असा. काठावरचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा तिथली एक जुनी फायबरची होडी सरांनी घेतली.

होडी चालवायची कुणी, हा प्रश्न होता. परदेशातल्या होड्यांना मोटर असते. सर हसून सांगायचे, "तिकडं मोटर लावत्यात. आपल्याकडं धोंडू हाय."

धोंडू मरगळे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत राहायचा. भातलावणीला मजुरी, बाकीचे दिवस एका फार्महाऊसवर राखण. वयानं सरांच्याच बरोबरीचा. दिसायला बुटका, पण खांदे असे की सदरा शिवणीत उसवायचा. तरुणपणी कुस्त्या केलेला गडी. रविवारी सकाळी दोघं पाण्यात उतरायचे. होडीच्या मधल्या फळीवर धोंडू वल्ही मारत, आणि मागच्या टोकाला त्याच्याकडं पाठ करून सर, नजर पाण्यात गेलेल्या दोरावर. दुपारी ऊन तापलं की परतायचे. मासा मिळाला तर धोंडूच्या घरी जायचा.

सोमवारी सर मला सगळं सांगायचे. कुठल्या कोपऱ्यात पाणी कसं दिसलं, काय लागलं, काय सुटलं. त्या गोष्टींमध्ये धोंडू क्वचितच असायचा. मोटरबद्दल कोण बोलतं?

एका हिवाळ्यात, सोमवारी सर शाळेत आले नाहीत. मंगळवारीही नाही. मग कळलं, होडीतच धोंडूला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, वाचा गेली. सर त्याला घेऊन आधी पौडला, मग पुण्याला धावले. तिथंच त्याच्या उशाशी बसून होते. परत आले तेव्हा सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगितलं की माणुसकी कशी असते ते मुलाणी सरांकडून शिका. सर मान खाली घालून उभे होते. लोकांना तो त्यांचा विनय वाटला. मलाही वाटला.

"एकदम झालं," ते सगळ्यांना सांगायचे. "वल्हं मारता मारता एकदम झालं."

त्यानंतर त्यांच्यात एक बदल झाला, तो आधी मुलांनी टिपला. आठवीतली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, मुलाणी सर आता थोडं अजून म्हणत नाहीत." मी भिंतीपलीकडून कान दिला. खरंच. मुलं चित्र पुढं करत, सर बघत आणि म्हणत, "बास. झालं. बस जा." मुलं खूश होती. पण त्या वर्षी कुणाच्याच झाडाला फारशी पानं नव्हती.

एक दिवस डबा उघडून त्यांनी तसाच ठेवला. मी विचारलं, "सर, काय होतंय?"

त्यांनी उठून वर्गाचं दार लोटलं आणि परत येऊन बसले.

"बाई, एकदम न्हवतं झालं."

मी माझा डबा बाजूला सारला.

"मोटा खडस लागला हुता. इतक्या वर्षांत तसा लागला न्हवता. काठी पार वाकली. तो बुडालेल्या झाडांच्या खोडांकडं निघाला. तितं शिरला की दोर तुटनार. मी धोंडूला म्हनलं, होडी मधल्या खोल पान्यात घे, वाऱ्याच्या उलटं मार. तो मारत हुता. मग म्हनला, सर, हात जड झालाय. मी म्हनलं, थोडं अजून."

त्यांनी डब्याचं झाकण उचललं, परत ठेवलं.

"परत म्हनला, सर, बरं वाटंना. मी मागं बघितलं न्हाई. थोडं अजून म्हनलं. मग डावं वल्हं सुटलं. होडी फिरली. तवा मी त्याला वरडलो, बाई. आरं धर की वल्हं, झोपलास का. आनि मासा आत घेतला. दोन्ही हातांत धरला आनि त्याला दाखवायला वळलो. बघ म्हनलं. बघ."

भिंतीपलीकडं प्रयोगशाळेत कुणीतरी नळ चालू सोडला होता, त्याचा आवाज येत होता.

"तोंड वाकडं झालेलं. एका डोळ्यानं मासा बघत हुता."

मग त्यांनी वल्ही हातात घेतली. आयुष्यात कधी नीट मारली नव्हती. होडी गोल गोल फिरायची. धोंडूला त्याच्या एका हातानं खूण करून दाखवायची होती कशी मारायची, पण तो हात मध्येच खाली पडायचा. काठाला यायला किती वेळ गेला ते सरांना ठाऊक नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास केव्हा सुरू झाला, त्याच वेळी का आणलं नाही? तेव्हाही ते म्हणाले, एकदम झालं. धोंडूच्या बायकोनं, सखूबाईनं विचारलं, तिलाही तेच सांगितलं. आणि धोंडूला तर बोलताच येत नव्हतं.

"आणि मासा?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"काठावरच्या कुनी तरी नेला. म्हयन्यानं एक जन भेटला, म्हनला, सर, लई चवदार हुता."

त्या दिवशी मला त्यांचं सांत्वन करायला हवं होतं. झटका वल्हं मारल्यामुळंच आला असं थोडंच आहे, रक्तदाब असेल, तंबाखू असेल, असं विज्ञानाच्या बाईला शोभेल ते मी बोलले. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ते डाक्टरानंबी सांगितलं. झटका माज्यामुळं न्हाई आला. पर त्यानं सांगितलं आनि मी ऐकलं न्हाई, हे तर माज्यामुळंच ना?"



हळूहळू धोंडूची वाचा परतली. शब्द जाड, ओले, पण कळायचे. सर त्याला भेटायला जायचे आणि दर वेळी धास्तावलेले असायचे की आज तो सखूबाईसमोर बोलेल. तो बोलला नाही. पावसाबद्दल बोलायचा, शेळ्यांबद्दल बोलायचा. "एकदा आईबहिनीवरून शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो," सर म्हणायचे. "तर हा मला चा घ्या म्हनतोय."

मग सरांनी स्वतःच स्वतःची शिक्षा काढली. ते वल्ही मारायला शिकले. रिकामी होडी घेऊन काठाकाठानं रोज संध्याकाळी फिरायचे. हाताला फोड यायचे, ब्रश धरवायचा नाही. जमू लागल्यावर धोंडूला उचलून होडीत नेऊन बसवू लागले. मागच्या टोकाला, स्वतःच्या जागेवर. त्याच्या अंगात बुडू नये म्हणून फुगीर जाकीट, पाठीला उशी, आणि एका हातानं काठी पेलणार नाही म्हणून होडीला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बांधून काठी त्यात खोचलेली. आता धोंडूनं मासे धरायचे आणि सरांनी होडी ओढायची. दर रविवारी.

सगळ्या तालुक्यात ही गोष्ट झाली. कुणी फोटो काढून फिरवले. जोडी बघा म्हणून लोक हळवे व्हायचे. फोटो दाखवला की सर विषय बदलायचे.

एका रविवारी मी गेले. माझे यजमान काठावर थांबले. सरांनी मला होडीत धोंडूच्या शेजारी बसवलं, म्हणजे तोल गेला तर धरायला कुणीतरी जवळ. सकाळचं पाणी हिरवं, स्वच्छ. सर वल्ही मारत होते, वयाला न शोभेल इतक्या जोरात. दम लागला तरी थांबत नव्हते. तळहातांना फडकी गुंडाळलेली. मध्ये मध्ये विचारायचे, "धोंडू, बरा हायेस ना? सांग बरं का." आणि धोंडू मान न वळवता म्हणायचा, "बरा हाय."

मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. दोर पाण्यात सुटला होता, काठीचं टोक थरथरत होतं, पण धोंडूचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याचा चांगला हात होडीच्या कडेला असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. डोळे मिटलेले. होडी जराशी कलली की त्याच्या घशातून बारीक आवाज यायचा. वल्ह्यांच्या सपसपीत तो सरांना ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि त्याचं तोंड पाण्याकडं होतं.

काठावर आल्यावर सर चहा सांगायला टपरीवर गेले. मी धोंडूला विचारलं, "भीती वाटते ना तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. अर्धं तोंड हसलं. "लई भ्या वाटतंय बाई. ह्या हातानं पवता यील का मला? बुडालो तर दगड."

"मग जाता कशाला?"

"सरांना बरं वाटतं." थोडा थांबून म्हणाला, "न्हाई गेलो तर ते येत्याल आनि घरात बसून रडत्याल. त्यापरीस पानी बरं. तुमी बोलू नका काय."

मी बोलले नाही. त्याचं गुपित मी फोडणं बरोबर की न फोडणं बरोबर, याचा विचार करत राहिले; आणि त्यात आणखी काही रविवार गेले.

बोलली ती सखूबाई. त्याचं असं झालं की सरांना खोटं पेलवेना. एका संध्याकाळी वाडीवर गेले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. हात जड झाल्याचं, त्यानं दोनदा सांगितल्याचं, आपण ओरडल्याचं. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

सखूबाई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हाईत हाय मला."

"कुनी सांगितलं?"

"त्यानंच. वाचा आली त्याच दिशी. पयलं तेच सांगितलं."

"मग तुमी मला काय बोलल्या न्हाईत?"

"बोलून काय हात उठनार हाय का त्याचा?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुमी सांगायला आलात, बरं झालं. आता मी सांगते ते ऐका. त्याला पान्यावर नेऊ नका. रातभर झोपत न्हाई तो शनिवारी. आंग कापतं त्याचं. आधी तुमच्या माशापायी वल्हं मारलं, आता तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून जातोय. आजून किती राबवनार त्याला?"

हे सांगून सर बराच वेळ बोटाच्या नखातला रंग काढत बसले. "बाई," शेवटी म्हणाले, "होडीत मी दर खेपेला इचारायचो त्याला, बरा हायेस ना. मला वाटायचं, आता मी ऐकतोय."

त्या रविवारी ते वाडीवर गेले आणि धोंडूला विचारलं की तुला काय पाहिजे. धोंडूला म्हणे आधी प्रश्नच कळेना. मग लाजत लाजत म्हणाला, कुस्त्या बघायच्यात. झटका आल्यापासून एकही आखाडा पाहिला नव्हता. कोण नेणार?

मुलाणी सरांना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. घामाचा वास आणि आरडाओरडा यांची त्यांना मनापासून नावड. पण जत्रांचा हंगाम सुरू झाला तसे ते धोंडूला स्कूटरवर मागं बसवून चादरीनं स्वतःच्या पाठीशी बांधून निघू लागले. रिहे, घोटावडे, जिथं आखाडा असेल तिथं. सोमवारच्या डब्याला आता नव्या गोष्टी असायच्या, आणि त्यांत धोंडूशिवाय दुसरं कुणीच नसायचं. धोंडू कसा भांडला, धोंडूनं पंचाला काय सुनावलं, सरांनी चुकीच्या पैलवानाला टाळी वाजवली म्हणून धोंडू त्यांच्याशी तासभर बोललाच नाही. "मला लई बोलतो आता," सर सांगायचे. "वाट्टेल ते बोलतो." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. मग एकाएकी मावळायचा.

"हलकं वाटतं का आता?" मी एकदा विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "हलकं वाटायला नगंच. त्याचा हात कुटं हलका झालाय?"

होडी त्यांनी विकली नाही, वापरलीही नाही. काठावर पालथी पडून राहिली. पुतण्याचे व्हिडिओ येत राहिले. ते त्यांनी मला पुन्हा दाखवले नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सर गेले. झोपेतच, काही त्रास न होता. मी माहेरी होते, मला उशिरा कळलं. दफनाला धोंडूला चौघांनी खुर्चीवरून आणलं होतं आणि त्यानं एका हातानं माती दिली, असं शिपायानं सांगितलं. सरांच्या पत्नीला, जुबेदाभाभींना, भेटायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "धोंडूला झटका आला त्या दिवसापासून ते मागं वळून वळून बघायचे, बाई. रस्त्यानं चालतानाही. कुणी काही म्हणालं का, असं."

मी सरांना शेवटचं पाहिलं ते सुट्टी लागण्याच्या थोडं आधी, माझ्या घराच्या गॅलरीतून. भुकूमला आमच्या सोसायटीच्या मागं अजून एक मोकळं शेत उरलं आहे. जत्रेला तिथं आखाडा भरतो. त्या संध्याकाळी खच्चून गर्दी होती, हलगी कडाडत होती, आणि गर्दीच्या कडेला मला सरांचा पांढरा सदरा दिसला. शेजारी जमिनीवर धोंडू बसला होता आणि हातवारे करून त्यांना काहीतरी समजावत होता. सर मान डोलावत होते.

शेवटची कुस्ती रंगली तशी माणसं उभी राहिली. समोर पाठींची भिंतच झाली. धोंडूनं मान इकडून तिकडं केली, त्याला काही दिसेना. सरांनी वाकून त्याला काहीतरी विचारलं. मग त्याच्या मागं गेले, दोन्ही काखांतून हात घातले आणि त्याला उभं केलं. धोंडू वजनानं भारी. त्याला छातीशी कवटाळून धरायचं तर उंच सरांना वाकून आपलं डोकं त्याच्या पाठीवर टेकवावं लागलं. त्यांना आखाड्यातलं काहीच दिसत नव्हतं. कुस्ती निकाली निघता निघेना. पैलवान खाली जायचे, सुटायचे, पुन्हा भिडायचे. धोंडू आपला चांगला हात उंचावून कुणाला तरी डाव सांगत होता. सरांचे पाय लटपटताना मला एवढ्या लांबून दिसत होते. मध्येच धोंडू मान वळवून काहीतरी म्हणाला. सरांनी तत्क्षणी त्याला अलगद खाली बसवलं, त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि त्याच्या तोंडाशी कान नेला.

धोंडूनं एका हातानं त्यांचा सदरा धरला आणि पुन्हा आखाड्याकडं बोट केलं. सर उठले, त्याच्या मागं गेले, आणि त्यांनी त्याला परत उचललं.